फिंचच्या पिंजऱ्यात खाली काय अंथरायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये अडीच फुटी पिंजरा, त्यात झेब्रा फिंचची (चिमणीहून लहान, दाणा टिपणारी पाखरं) एक जोडी आणि दोन बेंगाली फिंच. खालच्या ट्रेमध्ये सुताराकडून आणलेला लाकडाचा भुसा. पाऊस लागल्यापासून कुबट वास येतोय आणि एक बेंगाली आठवडाभर शिंकतेय. दुकानदार म्हणतो मक्याच्या कणसाचा चुरा घ्या आणि वर वासाची पावडर मारा. शेजारी म्हणतात वर्तमानपत्र टाका. सासूबाई म्हणतात शाई विषारी असते. झेब्राच्या जोडीला घरटं करायला तुम्ही नुकतंच मडकंही टांगलंय. तर मग खाली घालायचं काय?

सविस्तर सांगते, पण आधी आजचं काम. भुसा आजच काढा. काढताना पक्षी आत ठेवून ट्रे ओढू नका. ट्रे हलला की भुशातली धूळ आणि बुरशी वर उडते आणि ती पहिल्यांदा जाते शिंकणाऱ्या पाखराच्याच नाकात. पक्षी दुसऱ्या पिंजऱ्यात किंवा भोकं पाडलेल्या खोक्यात काढा, भुशावर पाण्याचा हलका फवारा मारा, ट्रे गॅलरीत न्या, तोंडाला मास्क बांधा आणि भुसा पिशवीत भरून गाठ मारा. शिंकणारी बेंगाली वेगळ्या छोट्या पिंजऱ्यात ठेवा. तिच्याखाली स्वयंपाकघरातला पांढरा टिश्यू पेपर अंथरा. पिंजऱ्याच्या एकाच बाजूला, बाहेरून, ४० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावा, म्हणजे तिला ऊब हवी असेल तर ती जवळ येईल, नको असेल तर लांब बसेल.

ती पिसं फुलवून बसत असेल, श्वासाबरोबर शेपटी खाली-वर होत असेल किंवा रात्री कान लावल्यावर टिक-टिक असा आवाज येत असेल, तर उद्याच डॉक्टर गाठा. पक्षी बघणारे पशुवैद्य जवळपास नसतील तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे. फार जुनं आहे ते, आणि डोंबिवलीहून लोकलने जाता येतं. घरच्या घरी औषध सुरू करू नका. शिंका आणि टिक-टिक बुरशीनेही होते आणि श्वासनलिकेतल्या बारीक किड्यांनीही होते. दोन्हींची औषधं वेगळी आहेत आणि बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात.

आता मूळ प्रश्न. मी २० वर्षांहून जास्त काळ फिंच पाळतेय, झेब्रा, बेंगाली आणि मधली काही वर्षं गोल्डियन. सुरुवातीला मीही हाच प्रश्न विचारायचे की पाखराला खाली काय आवडेल, वास कशाने येणार नाही, रोज साफ करावं लागणार नाही असं काय आहे. आता मी एवढंच बघते की अंथरलेल्या वस्तूवर घाण लपते की दिसते. जी वस्तू घाण पोटात घेऊन वरून स्वच्छ दिसते, ती फिंचसाठी सगळ्यात वाईट.

याचं कारण पाखराच्या छातीत आहे. झेब्रा फिंचचं वजन १२ ते १५ ग्रॅम, म्हणजे मोठा चमचाभर साखरेएवढं. पक्ष्यांच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात, बहुतेक पक्ष्यांत नऊ, आणि त्या पोटापर्यंत पसरलेल्या असतात. या पिशव्यांच्या भिंती कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ असतात आणि त्यांत रक्ताचा पुरवठा अगदी कमी असतो. तिथे बुरशीचे कण जाऊन बसले की शरीराला ते हटवणं जड जातं. आपल्याला खोकला येतो, कफ पडतो. पाखराला फुप्फुसातून असं काही बाहेर टाकता येत नाही. त्यात पिंजऱ्याचा तळ त्याच्या नाकापासून फूट-दीड फुटावर आणि दिवसभर पंखांचा वारा त्या तळावर. खाली जे पडलंय ते वर येणारच.

मी हे शिकले ते नुकसान सोसून. माझी पहिली काही वर्षं सोलापुरात गेली. तिथे मी ट्रेमध्ये भीमेची वाळू घालायचे. पाच पाण्यांनी धुतलेली, एप्रिलच्या उन्हात गच्चीवर पत्र्यावर वाळवलेली. संध्याकाळी पिठाच्या जुन्या चाळणीने चाळली की शीट (पाखरांची विष्ठा) आणि टरफलं वर राहायची, वाळू खाली. सहा-सात वर्षं एकाही पाखराला छातीचा त्रास झाला नाही. मला वाटायचं आपल्याला जमलं. मग यजमानांची बदली झाली आणि आम्ही रत्नागिरीला आलो. सोलापूरला वर्षभरात पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, रत्नागिरीला ३००० च्या वर. जून संपता संपता ती वाळू चाळणीतून खाली पडेना. ओल धरून गोळे व्हायला लागले. घराजवळ लाकडाची वखार होती, तिथे भुसा फुकट मिळायचा. भुसा पाणी शोषतो, तर तोच घालू, असा सरळ विचार केला.

वरून भुसा छान दिसायचा. पिवळसर, कोरडा, लाकडाच्या वासाचा. मी दर तीन दिवसांनी वरचा थर काढून नवीन मूठ पसरायचे. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एक मादी सकाळी तळाशी बसलेली दिसली. दोन आठवड्यांत पाच पाखरं गेली. शेवटच्या मादीचं शवविच्छेदन पशुवैद्यांनी केलं आणि मला बोलावून दाखवलं. हवेच्या पिशवीवर राखाडी-पांढरे ठिपके होते, डाळीच्या चुऱ्याएवढे. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे. घरी येऊन मी ट्रेमध्ये बोट घातलं. वर कोरडा भुसा, आणि अर्ध्या इंचाखाली ओला, किंचित कोमट, बोटाला चिकटून ढेकूळ वर आलं आणि त्या ढेकळात कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. तीन आठवडे ते तिथेच वाढत होतं आणि मी दर तीन दिवसांनी वरून ताजा भुसा घालून झाकत होते.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: साधा कोरा कागद, रोज बदललेला. डोंबिवलीच्या हवेत, फ्लॅटमधल्या पिंजऱ्यासाठी, बाराही महिने.

कागद म्हणजे कोणता? माझी पहिली पसंती खाकी ब्राऊन पेपरला, जूनमध्ये पोरांच्या वह्यापुस्तकांना घालतो तो. फक्त एका बाजूने चकचकीत मेण किंवा प्लॅस्टिकचा थर असलेला घेऊ नका. नखाने खरवडून बघा, पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब अर्ध्या मिनिटात पसरून शोषला गेला तर कागद कामाचा. गोल मोती होऊन वरच बसला तर नाही, कारण शीटही तशीच वर राहते आणि पाखराच्या पायाला लागून काठीवर आणि पाण्याच्या भांड्यात जाते. दुसरी चांगली गोष्ट म्हणजे छापखान्यातला कोरा न्यूजप्रिंट. रिळाच्या शेवटी राहिलेला कागद काही छापखाने किलोवर विकतात. पांढरा, मऊ, भरपूर शोषणारा. एकदा चार-पाच किलो आणलात तर तुमच्या एका पिंजऱ्याला कित्येक महिने पुरेल. तो कपाटात ठेवा, खिडकीखाली नको. कागदही ओल धरतो.

छापील वर्तमानपत्राबद्दल सासूबाई म्हणतात ते चुकीचं नाही, पण ते कशाला लागू पडतं ते बघायला हवं. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच बजावलं होतं, आणि २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत त्याला बंदीच घातली. पण त्यामागे वडापाव, भजी होती. गरम आणि तेलकट पदार्थ शाई ओढून घेतो. पिंजऱ्यात कोरड्या कागदावर पाखरू नुसतं चालतं तेव्हा तसं होत नाही. अडचण आहे ती वेगळी. फिंच जमिनीवर दाणा टिपणारे पक्षी आहेत. वरच्या वाटीतून सांडलेला राळा ती खाली उतरून त्याच कागदावरून खातात, आणि पाण्याचं भांडं सांडलं की ओल्या शाईत पडलेला दाणाही खातात. पोपटासारखा कागद फाडून गिळणारा पक्षी असता तर मी सरळ नाही म्हटलं असतं. फिंचसाठी मी मधला मार्ग काढलाय. खाली छापील वर्तमानपत्राचे दोन-तीन थर, शोषायला. वर एक ताव कोरा. पाखराचा पाय आणि चोच कोऱ्या कागदाला लागते, ओल खालचा घेतो. पुरवण्यांची गुळगुळीत रंगीत पानं मात्र खालीही नकोत. ती शोषत नाहीत.

जुन्या वह्यांची पानं वापरणार असाल तर पिना आधी काढा. एकही राहता कामा नये. धातूची चमकणारी वस्तू झेब्रा टोचून बघतोच. दुकानातली बिलं छापतात तो गुळगुळीत थर्मल कागद वापरू नका. बटर पेपर स्वच्छ असतो पण शोषत नाही, शिवाय त्यावर पाय घसरतो.

रोज कागद बदलायचा म्हणजे कटकट, असं तुम्हाला वाटेल. युक्ती अशी: रविवारी सकाळी ट्रेच्या मापाचे सात ताव कापून एकावर एक घाला. रोज सकाळी वरचा ताव चारही कोपरे आत घेऊन पुरचुंडी करून उचला, खाली दुसरा तयार असतो. तीस सेकंदांचं काम. पण पावसाळ्यात ही युक्ती चालवू नका. वरच्या तावाची ओल तिसऱ्या-चौथ्या तावापर्यंत झिरपते आणि तुम्ही शुक्रवारी स्वच्छ म्हणून जो कागद उघडा करता तो सोमवारपासून खाली आंबत असतो. जून ते सप्टेंबर रोज सगळेच थर काढायचे. त्यासाठी दोन ट्रे ठेवा. एक पिंजऱ्यात, एक धुवून गॅलरीत उभा करून वाळत. पिंजऱ्याबरोबर एकच ट्रे मिळतो, पण पिंजरे बनवणारे मापाने दुसरा करून देतात. मी माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला आधी दुसरा ट्रे करून घ्यायला सांगते, मग बाकी सगळं. ट्रे पत्र्याचा असेल आणि गंज धरला असेल तर बदलूनच टाका. गंजलेला, झिंकचा मुलामा सुटलेला पत्रा पाखरू टोचतं आणि झिंक त्याला बाधतं.

कागदाचा खरा फायदा मात्र स्वच्छतेच्या पुढचा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. सकाळी दिवा लावल्यावर कागद उचलायच्या आधी एक मिनिट बघा. पाखरं रात्री जिथे झोपतात त्या काठीच्या बरोबर खाली शीटचा छोटा ढीग असतो. प्रत्येक पाखराची जागा ठरलेली असते, त्यामुळे चार पाखरं तर चार ढीग, किंवा ती चिकटून झोपत असतील तर एक मोठा. खाकी कागदावर निरोगी शीट स्पष्ट दिसते: मधे हिरवट-तपकिरी बारीक वळी, तिच्यावर पांढरी टोपी, भोवती पाण्याचा छोटा डाग जो थोड्याच वेळात वाळतो. हे तिन्ही भाग वेगळे दिसले की पोट, मूत्रपिंड आणि पाणी पिणं ठीक चाललंय.

एखादा ढीग जागेवर नाही आणि त्याऐवजी कोपऱ्यात जमिनीलगत शीट पडलीय, तर एक पाखरू रात्री खाली बसलं होतं. त्या दिवशी त्याला हातात घ्या, छातीचं हाड चाचपून बघा. शीट गर्द हिरवी आणि आकाराने अगदी बारीक, म्हणजे ते खात नाहीये, वाटीशी बसून नुसती टरफलं उडवतंय. काळी डांबरासारखी, म्हणजे आत रक्तस्राव असू शकतो. पांढरा भाग पिवळा-हिरवा झाला तर यकृताकडे लक्ष द्यायला हवं. अख्खा दाणा शीटमध्ये दिसला तर पोट काम करत नाहीये. नुसतं पाणी जास्त असेल तर घाबरू नका, आदल्या दिवशी काकडी किंवा पालक दिला होता का ते आठवा. आणि मादीची सकाळची पहिली शीट अचानक तिप्पट-चौपट मोठी दिसली तर बहुधा ती अंडी घालतेय किंवा उबवतेय. अंड्यावर बसलेली मादी रात्रभर धरून ठेवते.

यातलं काहीही भुशावर दिसत नाही. मक्याच्या चुऱ्यावर दिसत नाही. वाळूवर निम्मं दिसतं. माझी ती पाच पाखरं जाण्याआधी निदान आठवडाभर तरी कागदाने मला सांगितलं असतं, असं मला आजही वाटतं. शंका आली तर तोच कागद घडी न करता, प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवून डॉक्टरांकडे न्या, कोपऱ्यात तारीख लिहून. डॉक्टर त्यातून जंतांची आणि कॉक्सिडियाची तपासणी करतात. कॉक्सिडिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी, त्याची अंडी शीटमधून बाहेर पडतात आणि ओल आणि ऊब मिळाली तर एक-दोन दिवसांत दुसऱ्या पाखराला लागण करण्याइतकी तयार होतात. पावसाळ्यात रोज कागद बदलण्याचं हे दुसरं कारण.

आता दुकानदाराने सुचवलेल्या वस्तू. मक्याच्या कणसाचा चुरा दिसतो सुंदर आणि पहिले दोन दिवस वासही येत नाही. पण तो ओला झाला की फार लवकर बुरशी धरतो, आणि तुकडे दाण्याच्याच आकाराचे असल्याने पाखरू गिळतं. पोटात जाऊन ते फुगतात. बारा ग्रॅमच्या जिवाच्या आतड्यात एक तुकडा अडकला तरी पुरे. मांजरासाठी मिळणारी गोळे होणारी माती त्याहून वाईट. ती पाणी लागलं की सिमेंटसारखी घट्ट होते. वासाच्या पावडरीला माझा साफ विरोध आहे. वास येतोय म्हणजे खाली काहीतरी कुजतंय. तो वास झाकून आपल्याला बरं वाटेल, पाखरू त्याच हवेत श्वास घेत राहील, वर सुगंधाची भुकटीही घेईल.

सुताराच्या भुशाबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तो सगळीकडे फुकट मिळतो. हल्ली सुताराच्या दुकानातला भुसा निव्वळ लाकडाचा नसतोच. त्यात प्लायवूड, एमडीएफ, सनमायका सगळं कापलेलं असतं, आणि त्या फळ्या फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाने चिकटवलेल्या असतात. सागाची आणि शिसवीची बारीक धूळ माणसांच्याही नाकाला चुरचुरते. देवदाराचा सुगंधी भुसा तर मुळीच नको. त्या सुगंधातली तेलंच श्वासाला बाधतात.

कोणी म्हणेल, पोल्ट्रीत हजारो कोंबड्या भाताच्या तुसावर वाढतात, मग फिंचला काय होतं? पोल्ट्रीत तूस दोन-तीन इंच जाड असतं, ते दर काही दिवसांनी खालीवर करतात, त्यात चुना मिसळतात, शेड दोन्ही बाजूंनी उघडी असते. आणि एवढं करूनही ओलं तूस म्हणजे कोंबड्यांना आजार हे प्रत्येक पोल्ट्रीवाल्याला माहीत असतं. दीड इंच खोलीच्या ट्रेमध्ये आणि बंद खोलीत हे गणित जमत नाही.

वाळू मी पूर्ण बाद करत नाही. मराठवाडा, सोलापूर, विदर्भ अशा कोरड्या हवेत, उन्हाळ्यात, गच्चीवरच्या मोठ्या पिंजऱ्यात ती चांगली. फक्त नदीची, धुतलेली, वाळवलेली. समुद्राची वाळू आणू नका, तिच्यात मीठ असतं आणि फिंच वाळूचे खडे टिपतातच. बांधकामावरची क्रश सँडही नको, तिची धूळ संपत नाही. कोकणात आणि मुंबईकडे मात्र पावसाळ्यात वाळू ट्रेमध्ये ठेवूच नका.

कापड, जुनी साडी, टॉवेल, गोणपाट यांना एकच उत्तर: नखं अडकतात. झेब्राची नखं तांदळाच्या टोकासारखी बारीक असतात. टॉवेलच्या फाशात अडकलेलं पाखरू सुटायच्या धडपडीत पाय मोडून घेतं. मी असा एक पाय मोडलेला नर पाहिलाय, त्याच्या मालकिणीने तो टॉवेल प्रेमानेच घातला होता, थंडी वाजेल म्हणून. कडुनिंबाचा पाला अंथरायची पद्धतही काही घरांत आहे. दोन-चार डहाळ्या पिंजऱ्याला बाहेरून खोचा, पाखरं टोचत बसतात, त्यांना ते आवडतं. अंथरूण म्हणून नको. ओला पाला कागदावर सडतो, वाळलेल्याचा चुरा होतो.

बरेच पिंजरे तळाला जाळी लावून येतात, म्हणजे शीट जाळीतून खाली पडते आणि पाखरू घाणीपर्यंत पोहोचत नाही. कागद रोज बदलणार असाल तर ती काढून टाका. झेब्रा हे मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या गवताळ भागातले, गवताचं बी जमिनीवरून टिपत फिरणारे. त्यांना खाली उतरून चालायला मिळालं पाहिजे. जाळीवर ते नीट चालत नाहीत. मी एका बाजूला, जिथे वर काठी नाही अशा जागी, स्टीलची उथळ थाळी ठेवते आणि सकाळी त्यात चिमूटभर राळा आणि वरई टाकते. दहा मिनिटं सगळी पाखरं थाळीत. दुपारी थाळी धुवून ठेवते. खालच्या कागदावरचं खाणं यामुळे पुष्कळ कमी होतं. जाळी ठेवायचीच असेल तर ती रोज घासायला हवी, कारण चिकटलेली शीट कागदाबरोबर निघून जात नाही.

तळ ओला होण्याचं सगळ्यात मोठं कारण शीट नसतं, आंघोळ असते. झेब्रा दिवसातून दोनदाही आंघोळ करतील. आंघोळीचं भांडं दारावर बाहेरून अडकवायचं मिळतं, ते घ्या, किंवा सकाळी तासभर उथळ वाटी ठेवून काढून घ्या आणि आंघोळ झाल्यावर कागद बदला. म्हणजे आंघोळ आधी, कागद नंतर. एवढा क्रम बदलला तरी तळ निम्म्याने कोरडा राहतो.

ट्रे धुवायला गरम पाणी आणि भांड्यांचा साबण. पंधरा दिवसांनी अर्धं पाणी अर्धा पांढरा व्हिनेगर लावून दहा मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा आणि ऊन मिळेल तेव्हा उन्हात. फिनाइल नको, त्याची वाफ मागे राहते. आणि ब्लीच वापरत असाल तर त्याच्या जवळपास व्हिनेगर आणू नका, दोन्ही मिळून विषारी वायू होतो. मुंग्या येतात म्हणून ट्रेखाली मुंग्यांचा खडू ओढणारे किंवा कागदाखाली डांबराच्या गोळ्या ठेवणारे लोक मला दरवर्षी भेटतात. दोन्ही पाखरांना घातक आहेत. पिंजरा स्टँडवर ठेवा आणि स्टँडचे पाय पाणी घातलेल्या वाट्यांत, दुधाच्या पातेल्याला करतो तसं.

शेवटी मडक्याचं. झेब्राच्या जोडीला घरटं बांधायला लागल्यावर हाताला येईल ते ओढायची सवय असते. कागदाच्या कडा फाडून मडक्यात भरतील, इतका की कधी आधी घातलेली अंडी कागदाखाली गाडली जातात आणि मादी वर नवीन घालते. म्हणून या दिवसांत पातळ न्यूजप्रिंट वर नको, जाड खाकी कागद ट्रेच्या कडांखाली दुमडून घाला, ओढता येणार नाही असा. त्यांना बांधायला वेगळं सामान द्या: सुकं गवत, नारळाचा काथ्या, दोन-तीन इंचांचे तुकडे करून. लांब धागा, सुतळी, कापूस नको, पिल्लाच्या पायाला गुंडाळला जातो. पहिलं अंडं दिसलं की सामान बंद.

अंडी सुमारे १२ ते १४ दिवसांत फुटतात आणि पिल्लं १८ ते २१ दिवसांची झाली की मडक्यातून बाहेर पडतात. बाहेर पडतात म्हणजे खरोखर पडतात, उडता येत नाही अजून. पहिले तीन-चार दिवस ती तळावरच असतात, आईबाप खाली येऊन भरवतात. त्या दिवसांत जाळी अजिबात नको, पाय अडकतो. कागद खरखरीत बाजूने वर करा, म्हणजे घसरून पाय फाकणार नाहीत. मडक्याच्या बरोबर खाली दुहेरी घडी घाला. आणि कागद बदलायची घाई करू नका. आधी आत हात न घालता मोजा, किती आहेत. माझ्याकडे एकदा करड्या रंगाचं पिल्लू पुरचुंडीच्या घडीत बसलं होतं, कागदाच्याच रंगाचं. ते कुईं केलं म्हणून कळलं. तेव्हापासून मी पिल्लांच्या दिवसांत पांढरा कागद घालते आणि कागद उचलायच्या आधी प्रत्येक पिल्लू कुठे आहे ते नजरेने पक्कं करते.